रुमेनाचा ससा आणि माझा लांडगा

रुमेनाचं नाव काढलं की आमच्या गावात लोकांच्या चेहऱ्यावर आपोआप हसू येतं. माझ्या चेहऱ्यावर येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. चाळीस वर्षं मी तिच्या खांद्याला खांदा लावून, एकाच पडद्यामागे, हात वर करून उभी राहिले आहे. तिच्याबद्दल बोलायचा हक्क कोणाला असेल तर तो मला आहे, आणि गोडगोड बोलायला मला जमणार नाही.

आमचं बाहुल्यांचं थिएटर सरकारी आहे. डोंगराच्या पायथ्याला गाव, गावात एक चौक, चौकात बंद पडलेलं कारंजं आणि त्याच्यामागे आम्ही. रुमेना आणि मी राजधानीतल्या एकाच नाट्यशाळेतून, एकाच वर्गातून बाहेर पडलो. परीक्षेत मी वरच्या नंबरांत, ती कशीबशी पास. नोकरीवर दोघी एकाच दिवशी हजर झालो. म्हणजे मी सकाळी, ती जेवणाच्या सुट्टीनंतर. तेव्हाच्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाने हातात घालायच्या बाहुल्यांच्या दोन पेट्या उघडल्या. माझ्याकडून उताऱ्यावर उतारा म्हणवून घेतला आणि मला लांडगा दिला. मग ती धापा टाकत दारातून आत आली, तिला बघून तो हसला आणि तिला ससा दिला. तिचा आवाजसुद्धा ऐकला नाही त्याने.

तेव्हापासून ती ससा आणि मी लांडगा. मधूनमधून मी चेटकीण झाले, घुबड झाले, एका हिवाळ्यात तर मी नुसती विहीर होते. ती मात्र ससाच. नाटकं बदलली, सरकारं बदलली, नोटा बदलल्या, ससा तिच्याच हातात. खेळ संपला की मुलं पडद्यामागे धावत येतात ती सशाचे कान ओढायला. लांडग्याच्या वाटेला कोणी जात नाही. मी बाजूला उभी राहून दुखरं मनगट चोळते, आणि माझा जीव जळतो. हो, जळतो, त्यात लपवायचं काय आहे.

तसं बघायला गेलं तर हेवा करावा असं तिच्याकडे काय आहे? तंबाखूची पानं निवडणाऱ्या बाईची मुलगी. नवरा बस चालवायचा, भला माणूस, पण पन्नाशीच्या आत गेला. मुलगा स्पेनमध्ये लाद्या बसवतो, नाताळला आला तर आला. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट बंद, छाती धरून मजल्या-मजल्यावर थांबत वर चढते. आणि माझं बघा. नवरा धडधाकट, दोन्ही मुली मार्गी लागलेल्या, अंगणासकट घर. तरी शरद सुरू झाला की तिच्या गच्चीत अख्ख्या इमारतीतल्या बायका लाल मिरच्या भाजायला जमतात, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून माझ्या अंगणात येतो. माझ्याकडे मिरच्या भाजायला कोणी येत नाही. भट्टी माझी तिच्यापेक्षा चांगली आहे.

वेळ तिने जन्मात पाळली नाही. मोबाइल कायम बंद, कारण चार्जर कोणाला तरी देऊन टाकलेला. बाहुल्या थिएटरबाहेर न्यायच्या नाहीत असा नियम आहे, माझ्याच सहीने भिंतीवर लावलेला. ती सशाला पिशवीत घालून पावाच्या दुकानात नेते आणि त्याच्या आवाजात दुकानदारणीशी घासाघीस करते. रांगेतली माणसं पोट धरून हसतात, दुकानदारीण एक पाव वर टाकते. हेच मी लांडग्याला घेऊन केलं असतं तर माझी चौकशी लागली असती.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. सम फुलं फक्त मेलेल्याला. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. थिएटरला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना रंगमंचावर उभं करून गुलाब दिले. नगरपालिकेच्या बाईने रुमेनाला द्यायच्या आधी तिचे गुलाब मोजले, तर ते निघाले सहा. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी मी माझे सात गुलाब घेऊन उभी. तिने हसत हसत माझ्यातला एक ओढला, रुमेनाच्या गुच्छात खोचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातात राहिले सहा. भरलेलं सभागृह होतं, एकाच्याही लक्षात आलं नाही. रुमेनाच्याही नाही, ती लोकांना हात हलवत होती. घरी जाताना मी एक फूल पुलावरून नदीत टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं की पाचच दिले.

तर अशी ही रुमेना. आता अनुदानाचं सांगते.

गेल्या वर्षी राजधानीतून एक योजना आली. ज्या शाळांपर्यंत कोणी पोचत नाही तिथे कला पोचवायची, आणि त्यासाठी थिएटरं, संग्रहालयं, गायनमंडळं यांना पैसे मिळणार. सगळा हिवाळा मी अर्ज लिहीत बसले. रुमेनाने त्यात काय केलं म्हणाल, तर एकदा बनित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, करून आणली आणि माझ्या कागदांवर तुपाचा डाग पाडला. आमच्या डोंगरात अगदी वरच्या टोकाला क्लेनोवो नावाचं गाव आहे. तिथली शाळा आठ मुलांवर चालते. सरकारने ती बंद केली नाही, कारण हिवाळ्यात मुलांना खाली आणायला रस्ताच उरत नाही. मी अर्जात ठासून लिहिलं, की या शाळेत आजवर एकही कलावंत पोचलेला नाही.

आणि संचालकांकडे जाऊन मी माझं मागणं मागून घेतलं. पैसे मी आणते, म्हटलं, पण डोंगरातल्या शाळांत ससा मी करणार. माझी निवृत्ती तोंडावर आली होती. एकदा, आयुष्यात एकदा, मुलं माझ्याकडे धावत यावीत एवढंच मला हवं होतं. संचालक म्हणाले, तू पैसे आण, मग ससाच काय, सिंह कर.

अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी मी घरी आरशासमोर उभी राहून माझा ससा बोलून बघितला. तिच्यासारखा लाडिक नाही. जरा शहाणा, जरा मिस्कील ससा. किती वर्षं मनात तयार होता तो. दुसऱ्या दिवशी क्लेनोवोच्या शाळेत गुरुजींना फोन लावला. राद्को गुरुजी, चारही वर्ग एकटे शिकवतात. मी थाटात सांगितलं, तुमच्या शाळेत पहिल्यांदाच थिएटर येतंय.

"पहिल्यांदा कसं?" ते म्हणाले. "रुमेनाताई दर शरदात येतात की."

कोण रुमेना, मी विचारलं, जशी काही जगात आणखी एखादी होती.

"तुमचीच हो. घेवडा घ्यायला येतात, पिशवीत ससा असतो. शेगडीपाशी बसून खेळ करतात. पोरं उन्हाळ्यापासून वाट बघतात त्यांची. ताई येणार असतील तर जरूर या. नुसते तुम्ही आलात तर ही पोरं माझं डोकं खातील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही बाई कित्येक वर्षं, डोंगरात पाव पोचवणाऱ्या पाववाल्याच्या गाडीत बसून वर जात होती, बिनपरवाना, बिनपैशाचं, नियम मोडून, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मी जाब विचारला तर म्हणते, त्यात सांगायचं काय, घेवडा आणायला जाते, खालचा मेला शिजतच नाही. ज्या शाळेत कोणी पोचत नाही म्हणून मी पानंच्या पानं भरली, तिथे ही घेवड्यासाठी जाऊन बसलेली. संचालकांनी खांदे उडवले. शाळेचीच अट आहे म्हणाले, ससा रुमेनाला करू दे, तू लांडगा कर, छान करतेस. छान करतेस म्हणे.

प्रत्येक गावात जाहिरात लावायची आणि तिचा फोटो पाठवायचा, ही पैसे देणाऱ्यांची अट. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात. वर लोक रुमेनाला ओळखतात तर तिचाच चेहरा छापा, असा संचालकांचा हुकूम. छापला. आता लोक म्हणतात की तो फोटो मी मुद्दाम निवडला. काही मुद्दाम नाही. बाकी सगळ्या फोटोंत ती दात काढून हसते आणि हललेली असते, छपाईत नुसता डाग दिसतो. ओळखपत्राचा फोटो स्वच्छ होता: सरळ समोर बघणारा, तोंड मिटलेलं. त्यात ती तिच्या वयाची दिसत होती. एकदा तरी दिसली तर बिघडलं कुठे?

छपाई इस्पितळाशेजारच्या दुकानात केली, ते स्वस्त पडतं. त्या दुकानाचं मुख्य काम म्हणजे निधनाची पत्रकं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, खाली नाव, खाली चार शब्द असा कागद दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने आणखी नवा. सगळ्या गावाच्या भिंती या चेहऱ्यांनी भरलेल्या असतात, त्यामुळे डोळ्यांना ते दिसेनासे होतात. दुकानातल्या पोरीने माझ्या कागदाला एक चौकट घातली. मला ती नीटनेटकी वाटली. मध्ये फोटो, खाली ठळक अक्षरांत रुमेनाचं नाव, त्याखाली "चाळीस वर्षं मुलांना हसवणारी". नाटकाचं नाव, वार आणि वेळ मी हाताने लिहायची असं ठरवलं, म्हणजे तोच कागद सगळ्या गावांत चालला असता. सुट्टीच्या दिवशी क्लेनोवोला जाऊन शाळेच्या फाटकावर, खांबावर आणि दुकानाच्या दारावर एकेक चिकटवला, पेनाने लिहिलं, फोटो काढला आणि खाली आले. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं.

खेळाच्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो. चालक पेन्चो, मी, आणि राजधानीहून आलेली निरीक्षक बाई, चिखलाच्या दिवसांत पांढरे बूट घालून आलेली. रुमेनाचा पत्ता नव्हता. तिच्या इमारतीखाली थांबून पेन्चोने हॉर्न वाजवला, मी चार मजले चढून दार बडवलं, आतून हूं की चूं नाही. फोन बंद. मी खाली येऊन म्हटलं, चला. आणि खरं सांगते, गाडी गावाबाहेर पडली तसं माझं मन हलकं झालं. सशाची पेटी मागे होती. बाई आलीच नाही तर कोणीतरी ससा करायलाच हवा ना. वळणावळणांच्या रस्त्यावर मी मनातल्या मनात माझा शहाणा ससा घोळवत बसले.

वर पोचलो तर शाळेच्या अंगणात अख्खं गाव उभं. मला वाटलं, जाहिरात चालली. मग लक्षात आलं की कोणी बोलत नाहीये. म्हाताऱ्यांच्या डोक्यांना काळे रुमाल. आठही मुलं ओळीने, ओले भांग पाडलेली, प्रत्येकाच्या हातात पिवळ्या नर्गिसांची जुडी. सवयीने माझी नजर मोजायला गेली. पहिल्या पोराच्या हातात चार. त्याच्या शेजारणीच्या हातात चार. सगळ्यांच्या हातात चार-चार.

एक आजी ताट घेऊन पुढे आली. ताटात उकडलेले गहू, वर साखर आणि अक्रोड, मध्ये छोटी मेणबत्ती. मेलेल्याच्या नावाने वाटतात ते. तिने चमचाभर गहू माझ्या तळहातावर ठेवले.

"देव तिला क्षमा करो," ती म्हणाली. "गेली गं आपली रुमेना."

त्या डोंगरात मोबाइल लागत नाही. मला वाटलं, बातमी आमच्या आधी कोणाच्या तरी गाडीने वर पोचली. न उघडलेलं दार आठवलं. जिन्यात छातीवर हात ठेवून उभी राहिलेली ती आठवली. मी दार बडवत होते तेव्हा ती आत पडलेली असणार. आणि ऐका, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं ते. मी गेले तर क्लेनोवोतलं कुत्रंही भुंकणार नाही, हे आलं. मरणसुद्धा हिचंच भरगच्च. ते मनातून सरायच्या आत मी शाळेच्या पायरीवर बसले. गहू तोंडात घातले. किती रडले मला माहीत नाही. निरीक्षक बाई वाकून कानात विचारत होती, हा खेळाचाच भाग आहे का.

राद्को गुरुजी आले, माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांचेही डोळे लाल.

"मुलांचं एकच मागणं आहे," ते म्हणाले. "ससा एकदा बघायचा. तुम्ही दाखवाल का, ताई?"

ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं झुरले ते असं कोणीतरी हात जोडून माझ्यापुढे केलं, आणि मला ते नको होतं. पण मुलं बघत होती. पेन्चोने पडदा उभा केला. मी पेटी उघडली, सशात हात घातला. आतला कपडा तिच्या बोटांनी झिजलेला, माझी बोटं त्यात सैल पडली. तळाला एक चिकट लिमलेटची गोळी लागली. कोणा पोरासाठी लपवून ठेवलेली असणार. मी हात वर केला. माझा शहाणा ससा बोलवायला तोंड उघडलं, तर तो आलाच नाही. आला तो तिचा. शब्दाआधी घेतलेला तो अर्धा श्वास, शेवटाला वर चढणारा तो लाडिक सूर, हुबेहूब. चाळीस वर्षं कानाशी तोच वाजत होता, दुसरा येणार कुठून.

"मुलांनो," ससा म्हणाला, "आज मला उशीर झाला."

पडद्यापलीकडे कोणीतरी हुंदका दिला. मी पुढचं वाक्य शोधत होते, तेवढ्यात फाटकातून तोच आवाज आला.

"उशीर मला झालाय. तू कशाला माफी मागतेस?"

पडद्याच्या कडेने बघते तर फाटकात पाववाल्याची गाडी, आणि गाडीतून उतरतेय रुमेना, पोटाशी बनित्साचं भलंमोठं भांडं धरून. घरची भट्टी बिघडली म्हणून पहाटेच पाववाल्याकडे बनित्सा भाजायला गेली होती, गप्पांत रमली आणि त्याच्याच गाडीत बसून आली. आजीच्या हातातलं ताट पडलं, गहू चिखलात. दोन म्हाताऱ्यांनी छातीवर भराभर क्रूसाची खूण केली. मुलं ओरडत तिच्या अंगावर जाऊन पडली, फुलांसकट. माझा हात अजून वरच, हातात ससा. आयुष्यातला माझा एकुलता एक सशाचा प्रवेश, आणि बाईने तोही मध्येच तोडला. मी धावले ती तिला मिठी मारायला. पोचेपर्यंत इतका संताप चढला की तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग मिठी मारली.

गुरुजींनी आम्हाला फाटकाकडे नेलं. मी लावलेला कागद तिथे होता. मधल्या दिवसांत डोंगरात ओला बर्फ पडून गेला होता. पेनाने लिहिलेलं नाटकाचं नाव, वार, वेळ, सगळं धुऊन गेलेलं. उरली होती काळी चौकट, तोंड मिटलेली रुमेना, तिचं नाव आणि चाळीस वर्षं मुलांना हसवणारी. दुकानाच्या दारावर तेच, खांबावर तेच. गुरुजींनी शाळेच्या फोनवरून तिला फोन लावून बघितला होता, तो नेहमीप्रमाणे बंद. मग कोणाला शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. थिएटरवाले ठरल्या दिवशी येतायत ते तिच्या आठवणीसाठी, असं गाव धरून चाललं. ती गहूवाली आजी मला फैलावर घेत होती. तिने अख्खी रात्र गहू शिजवले होते, मेणबत्तीसाठी शेजारचं घर उठवलं होतं. तिचं बरोबरच होतं, पण मी तिला आवाज खाली करायला सांगितलं.

रुमेना कमरेवर हात ठेवून स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"फोटो तू निवडलास?" तिने विचारलं.

मी म्हटलं, स्वच्छ होता.

"अगं स्तिलियाने, मेल्यावर तरी मला जरा बरी दाखवायचीस."

मग तिने नखाने तो कागद अलगद सोडवला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. साल तेवढं घालायचं राहिलंय, म्हणाली, माझ्या पोराचा छपाईचा खर्च वाचेल. आधी गुरुजी हसले, मग सगळं गाव हसलं. मला हसू येईना.

खेळ झाला. नाटक तेच, नेहमीचं: सशाचं घर, बाहेर हिवाळा, लांडगा दार ठोठावतो, ससा युक्त्या करून त्याला पळवून लावतो. मुलांनी लांडग्यावर ओरडायचं असतं, लांडगा जितका भेसूर तितकी मजा. पण रडून रडून माझा घसा बसलेला. मी दारावर टकटक केली, ससोबा दार उघड म्हटलं, आणि आवाज असा फाटका, ओला निघाला की मुलं ओरडायचं विसरली. पहिल्या रांगेत समोरचे दोन दात पडलेली एक पोरगी होती. ती उठून उभी राहिली.

"दार उघड त्याला," ती सशाला म्हणाली. "तो रडतोय."

रुमेनाने पडद्यामागे मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं, की पुढचं वाक्य घे, युक्तीचं. तिने घेतलं नाही. सशाने दार उघडलं. मला पुढे काय करायचं ते सुचेना, इतक्या वर्षांत कधी लांडगा त्या दारातून आत गेलेलाच नाही. ससा म्हणाला, ये आत, पाय पुस, बनित्सा आहे. मी लांडग्याला आत नेलं आणि तो सशाशेजारी बसला. नाटकाचा पार बोजवारा उडाला होता, आणि निरीक्षक बाई डोळे पुसत भराभर लिहीत होती. पुढे तिच्या अहवालात आलं, की या कलाकाराचं गावाशी असलेलं नातं पाहता अनुदान आणखी वाढवावं. कलाकार म्हणजे कोण, हे मी सांगायला नको.

खेळानंतर बनित्सा फिरली, कोणीतरी प्लमची दारू काढली. मुलांपुढे मात्र पेच होता. फुलं तर द्यायची होती, पण चार फुलं जित्या बाईला कशी देणार? त्यांनी कोपऱ्यात जाऊन खलबत केलं. प्रत्येकाने आपल्या जुडीतलं एक काढलं आणि तीन-तीन रुमेनाला दिली. तिची ओंजळ भरून वाहायला लागली. मी लांडग्याला पेटीत ठेवायला निघाले होते, हात अजून त्याच्यातच होता. ती दोन दात पडलेली पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने उरलेलं फूल लांडग्याच्या पंजात खोचलं.

"हे लांडग्याला," ती म्हणाली, आणि त्याच्या कानावरून हात फिरवला.

तिच्यामागून दुसरा आला, मग तिसरी. सगळी आली. कोणी शेपूट ओढलं, कोणी दात मोजले. मी काय बोलले मला आठवत नाही. मुलं बनित्साकडे पळाली आणि मी हातातली फुलं बघितली. मोजायची माझी खोड वाईट. आठ मुलं, प्रत्येकाचं एक, आठ फुलं. पुन्हा मोजली, आठच. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कसं येणार, ज्याने-त्याने एकेकच तर दिलं होतं. मी शाळेच्या पायरीवर उभी, सगळे हसतायत, खातायत, आणि माझ्या हातात मेलेल्याची फुलं. त्या पुलाची मला आठवण झाली.

रुमेना शेजारीच होती. तोंडात बनित्सा, गुरुजींशी घेवड्याच्या भावावरून घासाघीस चाललेली. माझ्याकडे न बघता, बोलणं न तोडता तिने हात लांब केला, माझ्यातलं एक फूल ओढलं, कानामागे खोचलं आणि गुरुजींना म्हणाली की एवढ्या भावात तर खाली मटण मिळतं.

ओंजळभर फुलं होती तिच्याकडे, तरी माझ्यातलंच एक घेतलं. मी पुन्हा मोजली. सात होती.